धवल्याची उरलेली साडेनऊ मिनिटे

दिवेलागण होऊन तास उलटला होता. महाविद्यालयाच्या रेडिओकक्षात चिंतामणीमामांनी जुनी नोंदवही टेबलावर ठेवली. उघडली मात्र नाही. मामा तिथले निवृत्त तंत्रज्ञ, पण कक्षाची किल्ली अजून त्यांच्याच कनवटीला असे. पुढच्या गुरुवारपासून ओवी आणि वरद नवा संगीत-कार्यक्रम सुरू करणार होते, आणि त्यासाठी वहीत सही करणे आवश्यक होते.

“मामा, सहीच करायची आहे ना? लेक्चर कशाला?” ओवी हसून म्हणाली.

“लेक्चर नव्हे. तुमच्याआधी या खुर्चीवर जो बसत असे, त्याचे काय झाले ते ऐका. मग खुशाल सही करा.”

त्या मुलाचे नाव उन्मेष. त्याच्या कार्यक्रमाचे नाव ‘सरमिसळ’. दर गुरुवारी रात्री नऊ ते साडेनऊ. कॅम्प चार या सिंधी वस्तीतल्या लग्नातली गाणी, बुवापाड्यातल्या बँडची तालीम, परदेशी बासरी – जे इतरत्र ऐकू येत नाही ते तो ऐकवी. त्याच शोधात तो बदलापूर गावात मोतीबाईंकडे पोहोचला. मोतीबाई धवलारीण, आगरी लग्नात विधी करणारी आणि देवांना आवतण देणारे धवले गाणारी. वय पंचाहत्तरीच्या पुढे, आवाज मात्र खणखणीत.

“पोरा, धवला मधीच सोराचा नाय,” गाण्यापूर्वी त्यांनी बजावले; बोलावलेल्या देवांना धवल्याच्या शेवटी निरोप द्यावा लागतो. “आवतन दिलेले देव अरकून रातान. आन माझा नाव घेशील ना? पन्नास वरसा गातंय, कोनी नाव नाय घेतला.”

“घेईन ना, आजी. पूर्ण लावेन आणि नावही घेईन.”

त्याने मुद्रित केलेला धवला अकरा मिनिटांचा होता. चार जानेवारीला तो लावण्याची वेळ आली, तेव्हा केंद्र सांभाळणारा धर्मेश वैतागला. “अरे यार, अकरा मिनिटं एकच चाल? पब्लिक झोपेल! दीड मिनिटात फेड मार आणि वरून बोलत राहा.”

उन्मेषने क्षणभर विचार केला, क्षणभरच. दीड मिनिटाने त्याने आवाज हळूहळू उतरवला आणि सफाईदारपणे म्हणाला, “हे होतं आगरी समाजातलं एक पारंपरिक लग्नगीत.” नोंदवहीतही गायकाच्या रकान्यात त्याने लिहिले : पारंपरिक.

दुसऱ्या दिवशी मोतीबाईंच्या नातीचा, जिज्ञासाचा, फोन आला. “दादा, आजी नवं लुगडं नेसून बसली होती. आळीतल्या बायका पन बोलावलेल्या. बाकीचं कधी लावनार?”

“पुढच्या गुरुवारी. नक्की.”

पुढच्या गुरुवारी मोतीबाई पुन्हा लुगडे नेसून बसल्या. त्याच्या पुढच्याही गुरुवारी. त्यानंतर उन्मेषने फोन उचलणे बंद केले. तेवीस तारखेला, मंगळवारी, मोतीबाई गेल्या. जिज्ञासाने संदेश पाठवला. त्याने तो वाचला आणि उत्तर दिले नाही.

मामा थांबले. वरदने पंखा बंद केला.

पंचवीस जानेवारी, गुरुवार. पौषातली पौर्णिमा. पौषात लग्ने नसतात. तेव्हा पंचक्रोशीत कुठे मांडवही नव्हता. उन्मेष तासभर आधी आला, कारण संगणकात जागा उरली नव्हती आणि जुनी ध्वनिमुद्रणे पुसण्याचे काम धर्मेशने त्याच्यावर सोपवले होते. त्याने एकेक पुसले. ‘आगरी लग्नगीत तीन’ या नावाने ठेवलेला धवलाही पुसला. मग शांतपणे कार्यक्रम केला. साडेनऊला प्रक्षेपण बंद केले. लाल दिवा विझला.

आणि धवला सुरू झाला.

आरंभापासून नव्हे. जिथे त्याने तो तोडला होता, तिथून पुढे.

त्याने यंत्रावरची आवाजाची पट्टी खाली ओढली. धवला चालूच. संगणक बंद केला. चालूच. यंत्रावरचा काटा शून्यावर निश्चल होता. भिंतीतली पिन उपसून काढली…

आता आवाज स्पीकरमधून येत नव्हता. मागून येत होता. दोन कडव्यांमध्ये घेतलेला श्वासही ऐकू येत होता. त्याच्या मानेपाशी.

तो वळला नाही.

एक देव. दुसरा देव. एकेकाला निरोप. कडवी संपत आली. संपली.

शांतता…

ती शांतता वाट पाहत होती. कशाची, हे उन्मेषला कळले. त्याने तोंड उघडले. नाव घ्यायचे होते, एवढेच. दोन शब्दही नव्हेत.

नाव आठवेना.

वहीत नव्हते. संगणकात नव्हते. त्याने ते कुठेच लिहिले नव्हते…

“मी बाहेर बाकावर होतो,” मामा म्हणाले. “मला काहीही ऐकू आले नाही. नऊ चाळीसला दार उघडले, तर हा बंद माईकसमोर बसलेला. ‘मामा, तिचं नाव सांगा ना… तिचं नाव…’ मला तरी कुठे ठाऊक होते? मीही कधी विचारले नव्हते. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मीच उचलला. जिज्ञासा रडत होती. म्हणाली, ‘दादा, पुरा लागला. शेवटपर्यंत. पन माझ्या आजीचं नाव कोनीच नाय घेतलं.’”

“आणि प्रक्षेपण तर बंद होतं,” वरद पुटपुटला.

“बंद होते.”

“उन्मेष आता कुठे असतो?”

“नोकरी करतो. कुठे गाणे लागले की उठून खोलीबाहेर जातो. नाव त्याला मी नंतर, जिज्ञासाला विचारून, सांगितले. पण वेळेवर घ्यायचे ते घेतले गेले नाही.”

मामांनी नोंदवही उघडून चार जानेवारीचे पान ओवीपुढे सरकवले. ‘पारंपरिक’ या शब्दावर अंगठ्याचा ठसा होता. पिवळा. हळदीचा.

“हा त्या रात्रीनंतर दिसला,” मामा म्हणाले. “कोणी उठवला, मला विचारू नका.”

“कोणीतरी चेष्टा केली असेल, मामा. दोन वर्षं झाली,” ओवी म्हणाली, आणि तिने त्या ठशावर बोट टेकवले.

मग तिने बोट उचलून दिव्यापुढे धरले. ते ओले होते, आणि पिवळे.