एका ताटात जेवून एकटीच सुजली

“राखेचं गं पाणी, बोटाच्या टोकानं चाख,
घोट घेशील त्याचा, तर पोटाची होईल राख.”

फागेसीच्या अंगणात पाऊल टाकताच नांबेवेबाईंना आजीचा हा आवाज ऐकू आला. आजीला जाऊन चाळीस वर्षं झाली होती. आताच का आठवावा, ते बाईंना कळेना. कुठंतरी काहीतरी ठिबकत होतं, एवढंच.

बाईंनी वीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासली होती. आता लोक चोरीला गेलेल्या शेळीपासून संशयास्पद मरणापर्यंत सगळं त्यांच्याकडे आणत. सोबतीला निवृत्त शिपाई सिकेलो. अंगानं दांडगा, डोक्यानं सावकाश.

लायटोनी सकाळीच सायकल दामटत झोंब्याला बाईंच्या घरी आला होता. तीन महिन्यांपासून त्याची बायको फागेसी सुजत चालली होती. तो बायकोच्या गावात राहणारा जावई. तिथं त्याचं कुणी नाही. जावयानंच विष घातलं, म्हणत तिच्या मामानं, लिगोमेकानं, आज ऊन कलल्यावर आंब्याखाली गाव बोलावलं होतं. गेल्या वर्षी शेजारच्या गावात असंच गाव जमलं, आणि जावयाचं घर पेटलं. जावई आतच होता.

दारं बंद होती. फटींतून डोळे दिसत. आंब्याखाली काठ्या टेकवून चौघे आधीच बसले होते.

फागेसी चटईवर होती. बाईंनी नडगीवर बोट दाबलं. खळगा पडला तो भरेचना. डोळे पिवळे नव्हते. ओठांची सालं निघाली होती. पोटाच्या वरच्या भागाला हात लावताच ती कळवळली.

काय खातेस, काय पितेस, बाईंनी विचारलं.

“मला विचारू नका,” ती पुटपुटली. “बोललं की गुण जातो.”

बाईंनी तिची लघवी काचेच्या नळीत घेतली, चुलीवर उकळली, व्हिनेगरचे थेंब टाकले. पाणी नितळच राहिलं.

“म्हणजे काही सापडलं नाही,” सिकेलो हिरमुसला.

“फार मोठं सापडलं.”

लायटोनी म्हणाला, तो तळ्याचे मासे आणतो, अंडी आणतो, ती खातेही. थोरली बहीण मालिसेनी म्हणाली, त्या दोघी आणि पोरं एकाच ताटात न्सिमा, मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा, खातात, दुसऱ्या कुणाला काही झालेलं नाही. बोलताना ती हात पदराआड लपवत होती. बोटं भेगाळलेली, लालबुंद. ओसरीच्या कोपऱ्यात बुडाला भोकं पाडलेलं मडकं होतं. घेवड्याच्या काड्यांच्या ताज्या राखेतून पिवळं पाणी वाडग्यात ठिबकत होतं.

“भेंडीत घालायला, लवकर शिजते,” मालिसेनी घाईनं म्हणाली.

“भेंडी कधी केली होतीस?”

“रविवारी.”

आज गुरुवार होता.

मामा आला; उंच, पांढऱ्या दाढीचा. रोज पहाटे भाचीची विचारपूस करायला येतो, म्हणाला. “हिची आईही अशीच सुजून गेली. तेव्हा हिच्या बापाला मी हाकललं. या जावईबापूंना तेवढी सूट नाही.” त्याच्या कमरेला ॲल्युमिनियमचा पेला लटकत होता. बाहेरून आरशासारखा. बाईंनी त्यातून पाणी मागितलं. आतून तो काळा होता, खड्ड्याखड्ड्यांचा. तहान गेली, असं म्हणून त्यांनी तो सिकेलोच्या हाती दिला.

ऊन कललं. गाव जमलं. लायटोनी मधोमध उभा होता. फागेसीला चटईसकट आणलं होतं.

“विष ताटात असतं तर पोरंही सुजली असती,” बाई म्हणाल्या. “रक्तात प्रोटीन असतं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं. ते पाण्याला धरून ठेवतं. ते गेलं की पाणी पायांत उतरतं. मूत्रपिंडातून जात असतं, तर लघवी उकळल्यावर पांढरी झाली असती. झाली नाही. यकृत बिघडलं असतं, तर डोळे पिवळे पडले असते. उपाशी ती नाही. मग जातं कुठून?”

बाईंनी फागेसीच्या ओठांकडे बोट केलं.

“पोटातून. पोटाचं अस्तर सुजलंय, सोललंय. रक्तातलं सत्त्व तिथून झिरपतंय. ओठ सोलणारी वस्तूच आत गेली. मालिसेनीच्या बोटांना भेगा पाडणारीही तीच. भेंडीशिवाय रोज गळणारं राखेचं पाणी. भेंडीत चमचाभर चालतं. हिला पेलाभर मिळत होतं.”

“मालिसेनीनं दिलं?” सिकेलोनं विचारलं.

“तिनं फक्त गाळलं. पाजलं ज्यानं, त्याचं भांडं बघा. घरात मडकी आहेत, प्लास्टिक आहे; राखेचं पाणी त्यांना खात नाही. ॲल्युमिनियमला खातं. सिकेलो, पेला वर धरा.”

काळा पेला उन्हात उलटा झाला. काठ्या टेकलेल्यांच्या माना एकेक करून लिगोमेकाकडे वळल्या.

बाईंचा आवाज मऊ झाला. “वैरानं नाही दिलं यांनी. पोरीची छाती जळत असणार. पहिल्या घोटानं जळजळ थांबली असेल, म्हणून विश्वास बसला. सूज आली तेव्हा वाटलं, जावयानं विष घातलंय, ते उतरवायला आणखी पाजावं. औषधाचं नाव घेतलं की गुण जातो, म्हणून कुणी बोललं नाही. आज ते थांबवा, हिला इस्पितळात न्या. अजून वेळ आहे.”

लायटोनी मटकन खाली बसला. फागेसीनं चटईवरूनच त्याचा पाय धरला.

मामा भाचीजवळ आला आणि धुळीत बसला.

“पोरी,” तो म्हणाला, “तुझ्या आईलाही मीच पाजलं. ह्याच पेल्यातून. तुझ्या बापानं काही केलं नव्हतं.”