सेंट जॉर्जेसला एकट्याच?

"उद्या सकाळचं एक. सेंट जॉर्जेस," वेर्लिन तिकिटाच्या खिडकीत तोंड घालून कुजबुजली.

"सेंट जॉर्जेसला? एकट्याच?" मागून दणदणीत आवाज आला.

धक्क्यावरच्या झाडून सगळ्या माना वळल्या. वेर्लिननं संतापून मागे पाहिलं. एक उंच तरुण... आणि वर हसत होता!

कॅरियाकू बेटावर राजधानीला, म्हणजे सेंट जॉर्जेसला, जायचा बेत पोटात ठेवायचा असतो. तो फुटला, की तुम्ही माणूस राहत नाही, मालबोट होता. वेर्लिनची तिथे नर्सिंगची मुलाखत होती. हुकली, तर वर्ष गेलं. म्हणून तिनं फक्त आईला सांगितलं होतं. आणि आता संध्याकाळी दारात तिकडच्या नातलगांना पोचवायची सुकी मासळी, तुरीच्या शेंगा, रमची बाटली... शेवटी शेजारची टँटी मेव्हिस, अख्ख्या आळीची मावशी, बकरी घेऊन हजर.

"तिकडे नातीच्या बाप्तिस्म्याचं जेवण आहे गं. गरीब आहे बकरी. शब्द बोलायची नाही."

नाही म्हणावं, तर पुढे वेर्लिनच्या नातवंडांनाही ऐकून घ्यावं लागलं असतं.

सकाळी बोटीपाशी तोच उभा. नाव म्हणे कॅस्विन.

"तुमच्या तोंडाला झाकण नाही का हो?"

"होतं. तुम्हाला बघितलं न्... उडालं."

"दात नका काढू. ही बकरी धरा!"

"नाव काय?"

"वेर्लिन."

"छान. बकरीला शोभतं."

ती जी पेटली, ती भर समुद्रातही विझेना. त्यात बोट कलंडली, बाटली फुटली आणि होऊ घातलेली नर्स गुत्त्यासारखी घमघमू लागली. कॅस्विननं गुपचूप अंगातला शर्ट काढला.

"मेले तरी घालणार नाही!"

घातला. बाह्या गुडघ्यापर्यंत.

"हा शर्ट कुणाचा?" मुलाखतीत मोठ्या सिस्टरनं विचारलं.

"एका मूर्खाचा, मॅडम!" आणि वेर्लिननं तावातावानं सगळं रामायण सांगून टाकलं. सिस्टरच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. "एवढं ओझं घेऊन वेळेवर पोचलीस? मग आमचे पेशंट सोपे आहेत," ती म्हणाली.

बाहेर कॅस्विन बनियनवर उभा होता. बकरीसकट सगळा माल घरोघर पोचवून.

"झालं?"

"झालं. आता तीन वर्षं इथेच."

त्याचं हसू मावळलं. "तीन वर्षं?" तो ओरडलाच.

"ओरडताय कशाला?"

"ओरडणारच! परवापर्यंत बरा होतो मी! काल धक्क्यावर खिळ्यांचं पार्सल घ्यायला आलो, तुम्हाला बघितलं आणि तिकीट काढून परत गेलो! खिळे तिथेच राहिले! आता तीन वर्षं तिकडे विंडवर्ड गावात एकटाच होड्या ठोकत बसू?"

रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. वेर्लिननं आपला राग शोधला... इथेच तर होता मघाशी...

"मग ठोकलेली एखादी पाण्यात लोट की," ती बाही मुडपत, खाली बघत म्हणाली. "रविवारी मला सुट्टी असेल."