एकोणीस सेकंदांचा मेसेज

दिवा बारीकच राहू द्या. मोबाइल खिशात ठेवा रे, त्याच्या उजेडात कसली आलीय भीती! आणि ही ऐकीव गोष्ट नाही. पारोळ्याच्या पलीकडे आमच्या गावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे ना, त्या कुंदनबरोबर घडलेली आहे.

साल दोन हजार चोवीस. वीस ऑक्टोबर, रविवार. कोजागिरी होऊन चारच दिवस झालेले. संध्याकाळी कुंदनची वहिनी हेमलता दुकानात आली आणि तिनं आपला मोबाइल काउंटरवर ठेवला. तिचा नवरा बादल, म्हणजे कुंदनचा थोरला भाऊ, एका ठेकेदाराकडे वायरमन होता. जूनमध्ये डीपीवर, म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर, काम करताना शॉक लागून गेला. ठेकेदारानं लिहून दिलं, लाईन बंद करून न घेताच यानं हात घातला. मेलेला माणूस भांडायला येतो थोडाच!

पण वर चढण्याआधी, डीपीखाली उभं राहून बादलनं बायकोला मेसेज पाठवला होता, स्वतःच्या आवाजात. एकोणीस सेकंदांचा. "जेवन झाकी ठेव. लाईन बंद व्हयनी. दहा मिनिटमा येस." लाईन बंद झाली, दहा मिनिटांत येतो, एवढंच. बाकी वाऱ्याचा आवाज.

"भाऊ, बठ्ठा लोक म्हनतस चूक त्यासनी व्हती," हेमलता म्हणाली. "पोर शाळामाईन रडत येस. उद्या चौकशीना साहेब येतस. आवाज तपाशी द्या ना."

डीपी चालू असला की गुणगुणतो. सेकंदाला शंभर कंपनं, ठरलेली. ती मेसेजमध्ये उतरली नसतील तर लाईन बंद होती आणि बादल निर्दोष. हे आपल्याला सुचलंच नाही, असं कुंदन वहिनीला म्हणाला. साफ खोटं. चार महिने तो हेच टाळत होता.

रात्री शटर अर्धं ओढून तो सॉफ्टवेअर शोधायला बसला. पहिलं सापडलं ते तंबोरा जुळवायचं. दुसऱ्यात काम थोडं, जाहिराती फार. तिसरं फुकट होतं आणि कामाचंही. आवाज टाकला की पडद्यावर त्याचा आलेख. खाली जाड आवाज, वर बारीक, डावीकडून उजवीकडे सेकंद. तेव्हा साडेअकरा झाले होते.

त्यानं मेसेज टाकला. शंभरच्या जागी रेघ नव्हती. लाईन बंदच होती. दादा खरा होता.

कुंदनला रडू कोसळलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. लाईन बंद होती, तर मग चालू कुणी केली? हे जगात दोघांनाच ठाऊक होतं आणि त्यातला एक तो स्वतः. त्या संध्याकाळी दुकानात अंधार, गिऱ्हाईकाचा मोबाइल उघडा पडलेला. पंधरा मिनिटं झाली, दादाचं आटोपलं असेल, असं धरून त्यानं सबस्टेशनला फोन लावला. आपल्याकडे सगळेच लावतात. ऑपरेटर ओळखीचा. सख्खा भाऊच सांगतोय म्हटल्यावर त्यानंही खातरजमा केली नाही.

कुंदननं ठरवलं, एवढे एकोणीस सेकंद कागदावर छापायचे. दादाचं नाव धुऊन निघेल. पुढचं कोण विचारतंय!

त्यानं माउस हातात घेतला...

वीस.

एकवीस.

मेसेज संपला होता. आलेख संपत नव्हता. स्पीकरमधून आवाज आला. कुंदनचा स्वतःचा.

"नाना, दादानं काम व्हई गयं. सोडी द्या लाईट."

मग दुसरा आवाज. "बरं. सोडतो."

तेवीस. शंभरच्या जागी रेघ उगवली. घूं...

दुकान त्या डीपीपासून तीन किलोमीटर. दादाच्या मोबाइलला हे ऐकू जाणं शक्य नव्हतं.

"दादा..." कुंदन पुटपुटला. "तू शे का?"

घूं...

एकतीसवर आलेख थांबला. त्यानं वायर उपसली. पडदा विझला. आवाज नाही विझला... पहाटेपर्यंत.

सकाळी पाहतो तर मेसेज पुन्हा एकोणीस सेकंदांचा. चार वेळा लावला. स्वच्छ. मग त्यानं आलेख छापला, डोळे फाडून तपासला, घडी घातली आणि वहिनीच्या हातात दिला.

अकरा वाजता ग्रामपंचायतीत चौकशी बसली. साहेबांनी घडी उलगडली. "मेसेज एकोणीस सेकंदांचा म्हणता. मग हा आलेख एकतीसपर्यंत कसा? आणि ही रेघ कसली?"

कुंदननं कागद पाहिला. वहिनीकडे पाहिलं. आणि सगळं सांगून टाकलं.

हेमलता उठली, चपला घातल्या आणि पोरीला सांगायला शाळेकडे निघाली.

साहेब म्हणाले, "फोन घेणारा ऑपरेटर कोण?"

कोपऱ्यातल्या, निवृत्तीला टेकलेल्या एका म्हाताऱ्यानं हात वर केला. चार महिने तोही गप्प होता, नोकरीच्या भीतीनं. तो मी, पोरांनो. माझी लाज वाटते मला, आजही वाटते.

नोकरी गेली, ती जाऊ दे. त्या कागदाची झेरॉक्स मी मागून घेतली होती. कपाटात, कपड्यांखाली ठेवलीय. एकतीस सेकंदांपर्यंतची ती रेघ कागदाच्या मध्यावर संपायची, पुढं कोरं. हे मी तेव्हा बोट ठेवून पाहिलेलं आहे.

काल पुन्हा काढून पाहिली.

रेघ आता कागदाच्या कडेला आली आहे...