वळणाआधीचा एक सेकंद

पटलं तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण त्या गाडीत मी स्वतः बसलो होतो.

भुजहून खावड्याकडे जाणारा रस्ता. पंधरा जानेवारी, दुपारचे तीन.

मी आरटीओत निरीक्षक. हरभमभाई गढवींच्या जीपला मागून टेम्पो धडकला होता. टेम्पोवाल्याची तक्रार अशी, की यांनी उगाच ब्रेक मारला. हरभमभाईंचं लायसन्स जायची वेळ आली होती.

"उगाच कसा, साहेब? वळण संपलं नि समोर म्हशींमागची पोर. हातभर अंतरावर थांबलो."

हवालदार वस्ताभाईंनी टेप धरली. टायरचे काळे पट्टे... अठ्ठावीस मीटर.

पट्ट्यांवरून वेग निघतो. सेकंदाला वीस मीटर. पण समोर काही दिसल्यावर पाय ब्रेकवर जायलाही एक सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी आणखी वीस मीटर जाते.

झाडीमुळे पोर वळणाच्या टोकावरूनच दिसू शकत होती.

आणि पट्टे सुरू झाले होते... नेमके त्याच टोकापासून.

मधले वीस मीटर कुठे गेले?

मी दोनदा मोजलं. ब्रेक दाबायचं ठरलं होतं, ते पोर दिसण्याच्या एक सेकंद आधी.

"हरभमभाई, ती दिसायच्या आधीच ब्रेक दाबलात?"

त्यांनी मान खाली घातली.

"मी दाबलाच नाही, साहेब. पाय ॲक्सिलरेटरवर होता. पेडल... आपणहून खाली गेलं."

"कोर्टात सांग हे," वस्ताभाई म्हणाले. "जजसाहेब चहा पाजतील."

ब्रेकमध्ये दोष असेल म्हणून मी एकट्याने जीप मागे नेली. ब्रेक ठीक होते. त्याच वेगाने वळणाकडे आलो.

वळण अजून पुढे होतं.

माझ्या पायाला काहीतरी घासून गेलं... थंडगार. ओलं.

पेडल खाली गेलं.

टायर किंचाळले. जीप थांबली. मी खाली वाकून पाहिलं. माझा बूट ॲक्सिलरेटरवरच होता.

समोर रस्ता मोकळा. ना पोर, ना म्हैस. वाराही पडलेला.

दूर उभ्या वस्ताभाईंनी हाक मारली, "साहेब, पुढे घ्या ना!"

मी घेतली नाही. रिव्हर्स टाकला आणि सावकाश मागे आलो.

अहवालात लिहिलं, चालक निर्दोष. तो एक सेकंद मी गाळला.

हरभमभाईंचं लायसन्स वाचलं. मला मात्र अजून झोप लागत नाही. त्यांच्या जीपसमोर पोर होती, म्हणून कोणीतरी ब्रेक दाबला.

माझ्या समोर कोण होतं?