वास न येणारी पाणबुडी

"पाटीलबाई, जल्दी या. पाणबुडी मेली."

फोनवर अक्षता होती. इंद्रायणी ही गावची पोलीस पाटील. बांधाची भांडणं, हरवलेल्या शेळ्या, पिऊन आलेले जावई, या सगळ्याची तिला सवय होती. पाणबुडीचा मृत्यू मात्र पहिलाच. गावातल्या निम्म्या लोकांनी समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलेला.

तिनं चहा तसाच ठेवला आणि निघाली. आपण कुणाचं तरी काहीतरी बिघडवलंय, असं तिला कालपासून वाटत होतं. काय, ते काही आठवत नव्हतं.

शेततळ्याच्या काठावर पाणबुडी आडवी पडली होती. ती म्हणजे डांबराचं जुनं पिंप. त्यात दुसरं लहान पिंप, मधल्या फटीत घोंगडी आणि घोंगडीवर प्लास्टिक. आत बॅटरी आणि बल्ब. आतली ऊब कमी झाली की बल्ब आपोआप लागायचा, पुरेशी झाली की विझायचा.

प्रयोग अक्षताचा होता. बारावीतली पोर. तिचे वडील प्रितम नौदलातून निवृत्त होऊन तीर्थपुरीजवळच्या या गावी परत आले होते. खरी पाणबुडी आतून पाहिलेला तालुक्यातला हा एकच माणूस, त्यामुळे त्यांचं बोलणं खोडायला कुणी नव्हतं.

"ताई, पाण्याखाली गेलं की बॅटरी हीच माय आन् बॅटरी हाच बाप," प्रितम सांगू लागले. "बाहेर गार समुद्र, मधी लोखंड. लोखंड सगळी ऊब पिऊन टाकतं. ऊब गेली की हीटर लावा, हीटर लावला की बॅटरी खल्लास. मंग वर या, आन् वर आलं की दुश्मनाला दिसा. म्हणून आतून अस्तर लावत्यात. ऊब आतच राह्यली तर बॅटरी टिकती."

"आन् इथं टिकली न्हाई," इंद्रायणी म्हणाली.

"परवा रातभर बुडवून ठेवलं तर निम्मी शिल्लक होती. काल बुडवलं, सकाळी काढलं तर साफ मेलेली."

दुपारी जालन्याहून विज्ञान प्रदर्शनाची समिती येणार होती. साहेबांसमोर पिंप बुडवायचं, साहेबांनी जेवायचं आणि जेवणानंतर ऊब आणि बॅटरी तपासायची. दोन्ही शाबूत असतील तर अक्षता नागपूरला, राज्याच्या प्रदर्शनाला जाणार. नाहीतर पिंप भंगारात जाणार, आणि प्रयोगही.

अक्षता रडत नव्हती. मेलेल्या बॅटरीला ती पुन्हा पुन्हा मीटर लावत होती, आणि ते बघवत नव्हतं.

"मला ठाऊक हाय कुणाचं काम हाय," प्रितम म्हणाले. "राधेश्याम."

राधेश्याम घनसावंगीची प्रवासी जीप चालवायचा; जीप रस्त्यावर उभी करून तोही बघायला आला होता. बॅटरी त्यानंच उसनी दिली होती. इंद्रायणीनं त्याला पुढं बोलावलं.

"बॅटरी बदललीस?"

"न्हाई बाई."

"खरं बोल."

राधेश्यामचा चेहरा पडला. "टपावर माणसं बसवतो, बाई. एकदा तर शहागडहून येताना मधल्या सीटवर रेडकू बसवल्तं. आन् त्याचं भाडं घेतलं, फुल."

"मी बॅटरीचं विचारून राह्यले."

"ती मातर न्हाई बदलली. आईशपथ."

अक्षतानं बॅटरीच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला होता. इंद्रायणीनं बॅटरी उलटी केली. ठिपका जागेवर होता. म्हणजे बॅटरी तीच.

"आता मीबी सांगूनच टाकतो," प्रितम हळूच म्हणाले. "पाणबुडीत मी आचाऱ्याच्या हाताखाली होतो. इंजिनाकडं फक्त चहा द्यायला जात होतो. पण ऊबीचं मला बराबर कळतं, ताई. चहा कधी गार होऊ दिला न्हाई."

"पप्पा!" अक्षता म्हणाली.

इंद्रायणी वैतागली. तिनं नुसतं बघितलं की गावातला माणूस भलताच गुन्हा कबूल करायचा. जो हवा तो सोडून.

ती काठावरच्या धोंड्यावर बसली.

"अक्षता, हा धोंडा कशाला?"

"पिंप हलकं हाय ना, वर तरंगतं. म्हणून वरून धोंडे बांधतो. काल हा एक उरला. त्याच्याआधीच बुडालं."

"झाकणातून पाणी शिरलं आसंल."

"न्हाई. आतलं पिंप कोरडं ठणठणीत हाय. बघा की."

तिनं बघितलं. खरंच कोरडं होतं.

पलीकडं मेंढरं चरत होती. कडूबा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. इंद्रायणीचा सख्खा चुलता. पिंपातली घोंगडी त्याचीच, आणि अंगावरही तसलीच एक. त्याची काळी मेंढी रोज येऊन पिंपाला नाक लावून उभी राहायची. आत आपली कुणी नातलग अडकलीय, असा तिचा समज असावा. आज ती पिंपाला वळसा घालून सरळ गवताकडं गेली.

"काका, काल इथं कुणी आल्तं?"

"तूच आल्तीस की. नाकाला पदर लावून."

"मी गेल्यावर?"

"हे बापलेक जेवाया गेल्ते. मी राखण करत होतो."

"मंग?"

"मंग काय? ते आले, झाकण लावलं, बुडवलं."

कडूबानं काठी या हातातून त्या हातात घेतली. त्याचे हात आज नखांपर्यंत लख्ख होते. दिवाळीतसुद्धा त्यांच्यावर ही वेळ येत नसे.

इंद्रायणी पिंपाकडं वळली. वाकून तिनं खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला.

मग कालपासून जे आठवत नव्हतं, ते तिला आठवलं. न आठवतं तर बरं झालं असतं.

"सगळे इकडं या," ती म्हणाली. तिचा आवाज पोलीस पाटलाचा राहिला नव्हता. "बॅटरी कुणी चोरली न्हाई. ऊब चोरीला गेली. पिंप एक धोंडा कमी घेऊन बुडालं, म्हंजी ते जड झाल्तं. आतलं पिंप तर कोरडं. मंग वजन आलं कुठून? दोन पिंपांच्या मधून. आन् काळीला आज वास आला न्हाई. मलाबी आला न्हाई."

तिनं प्लास्टिक फाडलं आणि घोंगडी मुठीत धरून दाबली. पाण्याची धार लागली. लिंबाच्या साबणाचा वास सुटला.

"अरारा," प्रितम म्हणाले. "ओलं अस्तर ऊब धरतच न्हाई. बाहेर नेऊन सोडतं. बल्ब रातभर जळत राह्यला!"

सगळे कडूबाकडं वळले. त्यानं हात घोंगडीत लपवले.

"धुतली मी," तो म्हणाला. "हे जेवाया गेल्ते तवा. साहेब येणार, पोरीचं नाव खराब व्हाया नको. चांगली पिळली, पुन्हा होती तशी लावली. थोडी ओल राह्यली खरी. पण म्हणलं, पाणबुडीच हाय. आतून ओलीच आसंल."

कुणी हसलं नाही. राधेश्यामनं प्रयत्न करून हसू दाबलं.

"आन् धुवावी असं वाटलं कशानं?" अक्षतानं विचारलं.

कडूबानं अंगावरची घोंगडी आणखी घट्ट ओढली. पुतणीचं नाव घ्यायला त्याची जीभ वळेना.

"माझ्यामुळं," इंद्रायणी म्हणाली. "काल तुमच्या सगळ्यांसमोर मी म्हणाले, हा काय मेंढराचा घाण वास, साहेब नाक धरून परत जातील." ती थांबली. "लहानपणी मी ह्याच काकाच्या घोंगडीत झोपायची. तवा वास येत नव्हता. पाटील झाल्यापासून याया लागला."

कडूबानं मेंढरांकडं बघून उगाच हाक घातली.

"काका, अंगावरची काढा."

"हिला तर लई वास हाय, इंदे."

"म्हणूनच मागून राह्यले. कोरडी हाय."

तिनं त्याला आपली शाल दिली. सत्कारात मिळालेली. ती शाल ऊब सोडून बाकी सगळं देत असे. अक्षतानं कोरडी घोंगडी फटीत भरून वर दुसरं प्लास्टिक बांधलं, आणि राधेश्यामनं न सांगता जीपची बॅटरी काढून आणली. जीपमधले प्रवासी घनसावंगीकडं तोंड करून बसून राहिले.

समिती आली. पिंप बुडालं, या वेळी सगळे धोंडे घेऊन. साहेब जेवले, सावकाश जेवले, वर ताकही प्यायले. मग पिंप बाहेर काढलं आणि अक्षतानं झाकण उघडलं.

साहेब एक पाऊल मागं सरकले. "कसला वास हा?"

सगळे जमिनीकडं बघू लागले. कडूबा शालीत लहान झाला.

"मेंढीचा, साहेब," इंद्रायणी म्हणाली. "आमच्या घरचा."

साहेबांनी आत हात घातला. थंडीचे दिवस होते, तळ्यावरून वारा येत होता. त्यांनी तो हात आतच ठेवला. थोड्या वेळानं दुसराही घातला. अक्षतानं मीटर लावला. बॅटरी जवळजवळ भरलेली होती.

काळी मेंढी आली आणि साहेबांच्या कोपराशी, पिंपाला नाक लावून उभी राहिली.

"नागपूरला थंडी फार असते," साहेब हात न काढता म्हणाले. "हे असंच्या असं घेऊन या. फक्त धुऊ नका."