वर जवळचं, खाली लांबचं

खोटं वाटलं तर नारायणगावात कुणालाही विचारा — मोहिनीनं मापं घेतलेल्या चष्म्यातून वेलीवरच्या मुंगीची मिशी दिसायची!

कुंडलिक तिच्या दुकानात शिरला तो आईच्या चष्म्याची दांडी बसवायला. पिंपळवंडीचा द्राक्षवाला. चाळिशी उलटलेली, लग्नाचं राहूनच गेलेलं… तिच्यासारखंच. त्यानं पावती हातभर लांब धरून वाचली आणि ती हसली.

"आईचं ऱ्हाऊ द्या. चष्मा तुमाला लागलाय."

"मला? दिवसभर मांडवाखाली मान वर करून घडातले जादा मणी कात्रीनं विरळतो, म्याडम!"

"मणी विरळता का बोटं?"

त्यानं चिंधी बांधलेलं बोट हळूच खिशात घातलं.

जवळचं बघायची काच सगळ्यांच्या चष्म्यात खाली असते. याचे घड तर डोक्यावर! मोहिनीनं ठरवलं — याला जवळचं वर, लांबचं खाली. तिनं त्याला हातात कात्री देऊन उभं केलं, डोळ्यापासून हातापर्यंत दोरा धरला, आणि काचेवर बुबुळाची खूण करायला जवळ आली…

"वर बघा."

"वर पंखा हाय. खाली लई बरं दिसतंय."

"मग चष्मा कशाला?"

"परत यायला कारण नगं?"

चष्मा झाला, तरी त्याचा स्क्रू सारखा ढिला व्हायचा. कसा, ते स्क्रूला ठाऊक!

द्राक्षं उतरली तसा तो पेटी घेऊन आला. दुकानात गिऱ्हाइकं. स्टुलावर बसलेल्या मोहिनीपुढं ओणवून तो पुटपुटला, "येता का आमच्या घरी… कायमचं?"

चारचौघांत बोलायचं कसं? तिनं होकाराची मान हलवली — किंचित, पापण्यांसकट.

तो खालच्या काचेतून बघत होता. लांबच्या; जवळचं त्यातून नुसतं धूसर. थोडा थांबला. "असू द्या," म्हणाला आणि निघून गेला.

होकार बघून घाबरला, असं तिला वाटलं. तिनंही हाक मारली नाही.

पुढं तो आला तो बायकोला घेऊन. आरती आरशापाशी फ्रेमा लावून बघत होती.

"त्या दिवशी न्हाई तरी म्हणायचं व्हतं," तो हळूच म्हणाला.

"मी… मान हलवली व्हती."

 कुंडलिकनं देवापुढं झुकवावी तशी मान खाली घातली आणि वरच्या काचेतून तिच्याकडं पाहिलं. कानामागची रुपेरी बट. भरलेले डोळे. सगळं लख्ख.

"अवो, ही कशी दिसती?" आरतीनं विचारलं.

तो वळला. मोहिनीनं पेन उचललं.

"घरी घालायला दुसरा करू," ती म्हणाली. "खाली जवळचं ठेवते… ते मीच आधी इचारायला हवं व्हतं."