अक्कलदाढेची साक्ष

सुकन्या घोलपच्या उजव्या गालाची सूज अजून उतरली नव्हती. जबड्यातून काढलेली अक्कलदाढ मात्र समोरच्या भिंतीवर माणसाच्या उंचीएवढी होऊन झळकत होती. नाशिकच्या दंतलेख प्रयोगशाळेतल्या स्तरदर्शकाने तिचा केसाहून पातळ काप घेतला होता, आणि त्या कापातले पिवळसर थर एकावर एक चढत गेलेले दिसत होते.

तिच्या शेजारी दिगंबरमामा बसले होते. संगमनेरात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. ते ‘शेवाळे सर’ होते. त्यांच्या क्लासमधून डॉक्टर झालेल्या मुलांचे फोटो बसस्थानकासमोरच्या फलकावर होते. सुनावणीला उमेदवाराने एक नातेवाईक साक्षीदार म्हणून आणायचा असतो. मामा स्वतःहून गाडी काढून आले होते.

वैद्यकीय प्रवेशात ‘प्रतिकूल परिस्थिती’चे वाढीव गुण सुरू झाले, तेव्हा सुरुवातीला मुलांनी खरंच लिहिलं. मग क्लासवाल्यांनी दुःखाचेही नमुने छापले. कोणाचे वडील कागदावर दोनदा वारले. शेवटी सरकारने ठरवलं की शब्दांवर विसंबायचं नाही, शरीरालाच विचारायचं.

“मी शल्यविशारद,” समितीचे अध्यक्ष डॉ. प्रभुदेसाई म्हणाले. “दातातलं मला फारसं कळत नाही. इनामदार मॅडम, मला आणि या मामा-भाचीलाही समजेल असं सांगा.”

डॉ. नूरजहाँ इनामदार उठून भिंतीजवळ गेल्या. “झाडाच्या खोडात वर्षाचं वलय पडतं, तसा दातात दिवसाचा थर चढतो. मूल भेदरलं, कोंडीत सापडलं, की रक्तातली रसायनं बदलतात आणि त्या दिवसाचा थर नीट घट्ट होत नाही. तिथे काळी रेघ उरते. आम्ही तिला क्लेशरेषा म्हणतो. अक्कलदाढ आठव्या-नवव्या वर्षी घडायला लागते ती अठराव्यापर्यंत घडतच असते. सगळं शालेय वय तिच्यात मावतं.”

“आणि क्लेशाचं कारण?”

“ते दाढ सांगत नाही. ती फक्त ‘केव्हा’ सांगते. ‘का’ ते उमेदवाराने सांगायचं.”

डॉ. प्रभुदेसाईंनी चष्मा सारखा केला. “सुकन्या, तुझा दावा असा, की मस्कतला नोकरीला गेलेली आई तू दहावीत असताना परत आली ती पक्षाघात होऊन. वडील आधीच गेलेले. तेव्हापासून बारावीपर्यंत तिची सगळी सेवा तूच केलीस, आणि त्याचा अभ्यासावर परिणाम झाला. बरोबर?”

“हो, सर.” टाके ओढले गेले आणि शब्द जरा वाकडा उमटला.

“इनामदार मॅडम, ती वर्षं दाखवा.”

भिंतीवरची दाढ सरकली. थर नितळ होते. दुधावरच्या सायीसारखे, एकही रेघ नसलेले.

“काही नाही?” डॉ. प्रभुदेसाईंनी विचारलं.

“काही नाही. सलग तीन वर्षं एवढी स्वच्छ असलेली दाढ माझ्या पाहण्यात क्वचितच येते.”

“हे कसं शक्य आहे?” मामांचा आवाज चढला. “पोरगी आईचं मलमूत्र काढत होती! मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्याच चाळीतली खोली दिलीय मी त्यांना, भाडंही घेत नाही. तुमचं यंत्र चुकलंय.”

सुकन्या मान खाली घालून बसली. यंत्र चुकलेलं नव्हतं. दावा मामांनी लिहून दिला होता आणि तिने सही केली होती. त्यातलं सगळं खरं होतं, फक्त त्रास नव्हता. आई सहा वर्षांनी हाताशी आली होती. तिचा डावा हात लुळा होता, बोलणं बोबडं होतं, पण बाजेचं टोक आणि ओटा यांच्यामध्ये त्या दोघींचं अख्खं घर मावत होतं. सुकन्या मोठ्याने जीवशास्त्र वाचायची आणि आई अवघड शब्दांची अशी काही मोडतोड करायची की दोघींना हसून हसून ठसका लागायचा. त्या खोलीत ती रोज गाढ झोपली होती. हे कुठे लिहितात?

“खोटा दावा म्हणजे तीन वर्षं प्रवेशबंदी,” डॉ. प्रभुदेसाई म्हणाले. “तुला माहीत आहे ना?”

“थांबा, सर. दाढ संपलेली नाही.” डॉ. इनामदारांनी काप मागे नेला. “ही आई परतण्याच्या आधीची वर्षं.”

भिंत काळवंडली होती. रेघेमागून रेघ, काही बारीक, काही कोळशाने ओढल्यासारख्या जाड.

“तेव्हा तू कुठे राहत होतीस?”

“मामांकडे.”

“म्हणजे उत्तम घरात,” मामा लगेच म्हणाले. “तिला वेगळी खोली होती. आठवतं मला, तेव्हा तिला सारखा ताप यायचा. टायफॉइड उलटला होता. तापानेही अशा रेघा येत असतील ना, मॅडम?”

“येतात,” डॉ. इनामदार शांतपणे म्हणाल्या. “म्हणून आम्ही तारखा लावून पाहिल्या. यातल्या बहुतेक सगळ्या रेघा रविवारच्या आहेत. ताप काही वार बघून येत नाही, शेवाळे सर.”

मामांनी खुर्ची किंचित पुढे ओढली. त्यांचा बूट सुकन्याच्या चपलेला टेकला आणि तिथेच राहिला.

रविवारी क्लासची चाचणी असायची. दुपारी निकाल लागायचा. मामा कधी ओरडत नसत, हात उगारत नसत. पहिल्या दहात नाव नसलं की ते एवढंच म्हणायचे, “विचार कर जरा.” मग मागच्या अंगणातली पंपाची खोली. तिथे विजेचा दिवा नव्हता, मोटर अचानक सुरू व्हायची आणि पाय ओले व्हायचे. बाहेरून कुलूप लावायची ती ऋजुता, मामांची मुलगी, सुकन्याहून वर्षाने मोठी. मामा तिच्या हातात किल्ली देऊन पायरीवर उभे राहायचे. ऋजुता एकदाही नाही म्हणाली नव्हती. एकदाही तिने सुकन्याकडे वळून पाहिलं नव्हतं. सुकन्याने मामांपेक्षाही तिचा जास्त राग केला होता. अजूनही ती तिच्याशी कामापुरतंच बोलत असे.

“सुकन्या,” डॉ. प्रभुदेसाईंचा आवाज आता मऊ झाला होता, “दावा सुनावणीत बदलता येतो. त्या वर्षांत काय घडलं ते सांग. कारण पटलं तर गुण मिळतील.”

चपलेला टेकलेला बूट दाबला गेला. मामा तिच्याकडे पाहतही नव्हते. पाहायची गरज नव्हती. चाळीतली खोली, खोलीतली आई, आईची खाट. ती बोलली असती, तर आज संध्याकाळी आई खाटेसकट रस्त्यावर आली असती.

“काही घडलं नाही, सर,” ती म्हणाली. “मला आठवत नाही. मी दावा मागे घेते.”

मामांनी श्वास सोडला. “मी म्हटलंच होतं, यंत्राच्या नादी लागण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षी आपल्या गुणांवर जाईल ती. चला.”

“सही करण्याआधी एक गोष्ट पाहून घे,” डॉ. इनामदार म्हणाल्या. “एका रानातल्या झाडांना एकच दुष्काळ लागतो, तेव्हा सगळ्यांची वलयं सारखी निघतात. तशीच तुझ्या रेघांसारखी दुसरी दाढ आहे का, ते मी संग्रहात शोधलं. बहुधा काही सापडत नाही. या वेळी सापडलं.”

पहिल्या दाढेशेजारी दुसरी उजळली. दोन्ही काळ्या पट्ट्या एकमेकींसमोर आल्या आणि रेघेला रेघ जुळत गेली.

“नाव मला सांगता येणार नाही. गेल्या वर्षीचा अर्ज आहे. दाढ दिली आणि सुनावणीच्या आदल्या दिवशी दावा मागे घेतला. तेच रविवार, सुकन्या. ज्या दिवशी तुला त्रास झाला, त्याच दिवशी या व्यक्तीलाही झाला. फरक एवढाच, की तुझ्या रेघा आई आल्यावर थांबल्या. या थांबलेल्या नाहीत. उलट त्यानंतर जास्त जाड झाल्यात. दाढ काढली त्या आठवड्यापर्यंत.”

सुकन्याला गेल्या वर्षीची ऋजुता दिसली, गाल सुजलेला, तोंडावर ओढणी धरलेली. दाढ किडली होती, असं तिने घरात सांगितलं होतं. प्रवेश हुकला म्हणून ती याही वर्षी वडिलांच्याच क्लासला बसत होती. सुकन्या त्या घरातून निघून गेल्यावर किल्ली कोणाच्या हातात राहिली असेल, आणि आत कोण गेलं असेल, हा प्रश्न तिला तीन वर्षांत एकदाही पडला नव्हता.

मामा उभे राहिले होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते भिंतीवरच्या दुसऱ्या दाढेकडे पाहत होते, आणि ती कोणाची हे त्यांना सांगावं लागलं नाही.

“सुकन्या, ऊठ. आईचा विचार कर जरा.”

ते शब्द कानावर पडले आणि तिचे पाय नेहमीसारखे गार पडले. तरी ती उठली नाही.

“सर, मला दावा मागे घ्यायचा नाही,” ती डॉ. प्रभुदेसाईंना म्हणाली. “बदलायचा आहे. सगळं सांगते. पण आधी एक फोन करू द्या. मामा घरी पोचायच्या आत.”

मामा दार उघडून बाहेर पडले. जिन्यावर त्यांची पावलं भराभर उतरत गेली.

डॉ. प्रभुदेसाईंनी शिपायाला बोलावून हलक्या आवाजात संगमनेर पोलिसांशी आणि महिला-बालकल्याण अधिकाऱ्यांशी बोलायला सांगितलं, एक माणूस चाळीत सुकन्याच्या आईकडेही पाठवायला सांगितला. तोवर सुकन्याने नंबर लावला होता.

“ऋजूताई, मी सुकू. आत्ताच्या आत्ता घरातून नीघ. आईकडे जा आणि तिथेच थांब. मामा निघालेत. तुझी दाढ इथे आहे. मी पाहिली.”

“माझी कशाला पाहिलीस?” ऋजुता म्हणाली. “मी दावा मागे घेतलाय.”

“का घेतलास?”

“लिहायला बसले होते गं. दोनदा बसले. पण लिहू काय? आत तू होतीस. कुलूप मी लावत होते. त्रास तुझा. माझ्या नावावर कसा लिहू?”

सुकन्याने भिंतीकडे पाहिलं. तिथे दोन दाढा शेजारी शेजारी होत्या, आणि रेघा पाहून कुलपाच्या आत कोण होतं आणि बाहेर कोण, हे कोणालाही सांगता आलं नसतं. इतकी वर्षं तिला मात्र ते नक्की ठाऊक होतं.

“ऋजूताई, इथे एक डॉक्टर आहेत. त्यांच्याशी बोलशील? मी आहे बाजूला.”

ऋजुता ‘हो’ म्हणाली, तेव्हा सुकन्याने फोन डॉ. इनामदारांच्या हातात दिला आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढून घेतली.